सातवा रकाना

"तुम्हीच लिहा, भाऊ. माझा हात चालत नाही," असं म्हणून पद्माकरनं पेन माझ्याकडे सरकवलं.

चौसष्टचा जानेवारी होता. दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात खाट टाकून आम्ही उन्हाला बसलो होतो. पद्माकर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, शरयूचा, नवरा. लेफ्टनंट पद्माकर देवपुजारी. चार दिवसांच्या रजेवर आला होता आणि येताना एक छापील तक्ता घेऊन आला होता. त्यात नऊ रकाने होते. सातव्यात लिहायचं होतं, विवाहित की अविवाहित.

"अविवाहित लिहितो," मी म्हणालो.

शरयू दारात बसून मातकट लोकरीचा स्वेटर विणत होती. तिच्या सुया थांबल्या. "आणि मग मी कोण?"

"तू मध्ये बोलू नकोस गं. पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

साठ वर्षं होत आली, पण त्या दुपारचा शब्द न् शब्द मला आठवतो. मी तसा वाईट माणूस नाही. घाबरट आहे. सरकारी कचेरीत घाबरटाला सावध म्हणतात आणि त्याच्यावर भरवसा टाकतात, त्यामुळे आपण घाबरट आहोत हे मला स्वतःला पुष्कळ उशिरा कळलं.

भानगड काय होती ते सांगतो. बासष्टच्या लढाईनंतर सरकारी खात्यांतल्या तरुण इंजिनिअरांना नि डॉक्टरांना काही वर्षांसाठी सक्तीनं सैन्यात घेत होते. पद्माकर बांधकाम खात्यात होता. हुकूम आला, अंगावर गणवेश चढला आणि तो पहाडात रस्ते करायला गेला. तिथला नियम असा, की अधिकाऱ्याला पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय परवानगीवाचून लग्न करता येणार नाही; आणि परवानगी मिळाली तरी पंचवीसच्या आत ना लग्नाचा भत्ता, ना बायकोला राहायला जागा. हा नियम मला तोंडपाठ होता, कारण मी त्याच मंत्रालयात असिस्टंट होतो. कुठलं मंत्रालय ते विचारू नका.

आई-वडील गेल्यापासून शरयूला मीच वाढवलं. स्थळही मीच पाहिलं. पद्माकरची पत्रिका मांडीवर घेऊन मी बोटं मोजली. सदतीस सालचा डिसेंबर, म्हणजे त्रेसष्टच्या मे महिन्यात पंचवीस पुरी होऊन वर पाच महिने. "नियमात बसतं," असं मी छाती फुगवून सांगितलं. पद्माकर म्हणाला, "तुम्ही सरकारातले, भाऊ. तुम्ही म्हणता ना, मग झालं." त्याच महिन्यात आर्वीला, त्यांच्या गावी, लग्न लागलं.

शाळेचा दाखला बघायचं मात्र मला सुचलं नाही. जन्मभर लोकांच्या अर्जांवर 'दाखल्याची नक्कल जोडावी' असं लाल शाईनं लिहिणारा मी, घरच्या कार्याला पत्रिका बघून मोकळा झालो. पद्माकरचे वडील आर्वीच्या शाळेत मास्तर होते. पोराचं नाव घालताना त्यांनी स्वतःच्या हातानं जन्मतारीख लावली, एक जून एकोणचाळीस. दीड वर्ष कमी. का, तर पुढे सरकारी नोकरी लागली तर सेवानिवृत्तीला दीड वर्ष जास्त मिळेल. आपल्याकडे मास्तरांनी अशी किती पोरं एक जूनला जन्माला घातली असतील, देव जाणे. बापाची माया, दुसरं काय. पण त्या मायेपायी पद्माकर पत्रिकेत पंचविशीचा आणि कागदावर तेविशीचा राहिला. ती तारीख पद्माकरला ठाऊक होती, पण नियम पत्रिका नाही, दाखला बघतो हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं; आम्हाला कळलं तेव्हा लग्नाला तीन महिने झाले होते.

तेव्हापासून लपवाछपवी. तो मेसमध्ये राहायचा आणि शरयू माझ्याकडे. आमच्या ओळीतल्या निम्म्या क्वार्टरांत आमच्याच मंत्रालयाची माणसं, म्हणून मी तिला सांगून ठेवलं होतं, मंगळसूत्र पोलक्याच्या आत घाल, कुणी विचारलं तर बहीण आहे एवढंच सांग. एक जून चौसष्टला पद्माकर कागदावर पंचवीसचा झाला असता. मग परवानगी नको नि काही नको, रीतसर लग्नाची नोंद करायची आणि शरयूला घेऊन जायचं, असं ठरलं होतं.

आणि मध्येच हा तक्ता आला. संसदेच्या सभागृहात प्रश्न विचारला गेला होता, की ज्यांना सक्तीनं आणलं त्यांना तरी वयाची ही अट का. तेव्हा पंचवीसच्या आतले विवाहित अधिकारी किती आहेत हे मोजायचं ठरलं. तक्ता कोणी बनवला? मीच. त्याच्याखाली 'खरी माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही' अशी एक ओळ टाकावी असं मनात आलं होतं. पण वरचे विचारतील, ही ओळ तुला का सुचली, म्हणून टाकली नाही.

"सगळ्यांनी खरं लिहिलं तर नियमच बदलेल ना?" शरयू म्हणाली. "तूच म्हणालास, त्यासाठीच मोजताहेत."

"सगळे लिहिणार नाहीत. आपण एकटे लिहू नि एकटेच अडकू. परवानगीवाचून लग्न, वर वयाचा घोळ. मास्तरांपर्यंत जाईल ते."

वडिलांचं नाव निघाल्यावर पद्माकरनं तक्ता माझ्यापुढे सारला. मग म्हणाला, "शरू, एक जूनला सकाळी पहिलं काम तेच करतो. अर्ज आत्ताच लिहून ठेवतो हवं तर."

"एक जूनला तुमचा वाढदिवस नसतो, एवढं तरी लक्षात आहे ना?" ती म्हणाली.

तो हसला. तीही हसली. मी रकान्यात 'अविवाहित' लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि त्यानं खाली सही केली. दोन दिवसांनी तो परत गेला. स्वेटरच्या बाह्या व्हायच्या होत्या. त्या झाल्यावर शरयूनं तो पार्सलनं पाठवला.

फेब्रुवारीअखेर सगळे तक्ते माझ्या टेबलावर आले. मी बेरीज मारली. अकरा.

आमचे अवर सचिव मल्कानीसाहेब होते, फाळणीत सिंधमधून आलेले. माणूस सज्जन. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला. "खानझोडे, एवढी हजारो पोरं, आणि लग्न झालेली अकराच? तुला पटतं हे?"

"कागदावर अकरा आहेत, साहेब."

"कागदावर तर माझं कराचीत घर आहे अजून."

मी खाली बघून उभा राहिलो. त्यांनी फाइल चाळली. मग म्हणाले, "अर्थखात्यानं काय लिहिलंय ते वाचलंस? म्हणतात, पंचवीसच्या आत भत्ता द्याल तर प्रत्येक पोरगं उठून लग्न करील. मला निदान तीनशेचा आकडा असता ना, तर मी भांडलो असतो. अकरासाठी कोण ऐकणार? लिही उत्तर."

मी लिहिलं. अशा अधिकाऱ्यांची संख्या नगण्य असल्यामुळे नियमात बदल करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. इंग्रजी मसुदा साहेबांनी तपासला, पण हिंदी प्रत माझी होती आणि 'नगण्य' हा शब्दही माझा. चांगला शब्द सापडला म्हणून मी तेव्हा खूशही झालो होतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात प्रश्न चर्चेला आला. सभागृहात मंत्र्यांच्या मागच्या अंगाला अधिकाऱ्यांची बैठक असते. तिथे फाइल मांडीवर घेऊन बसायचं, आणि मंत्री अडले की पुढून चिठ्ठी येते, तिच्यावर उत्तर लिहून परत पाठवायचं. मल्कानीसाहेब पुढे आणि मी त्यांच्यामागे असे बसलो होतो. थंडी सरली होती, तरी माझा एकुलता एक गरम कोट अंगावर होता, कारण आत कोटाशिवाय सोडत नसत.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. अकरा, नगण्य, प्रश्न उद्भवत नाही. विषय तिथेच मिटला असता. पण दक्षिणेकडच्या एक सदस्या उभ्या राहिल्या. साठीच्या, जाडजूड चष्म्याच्या.

"हा आकडा आपण कुणाला विचारून काढलात?" त्यांनी विचारलं.

"अर्थात अधिकाऱ्यांना."

"ज्यानं खरं सांगितलं तर शिक्षा होते, त्यालाच विचारलंत. त्यांच्या बायकांना विचारलं का?"

सभागृह हसलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बायकांना विचारलं तर आकडा दुप्पट होईल." पुन्हा हसू. बाई तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं.

"माझ्याकडे एकीचं पत्र आलं आहे. सही नाही. सही केली तर नवऱ्याला शिक्षा होईल, असं तिनं लिहिलं आहे. दिल्लीतच राहते, भावाच्या घरी. वाचू का?" अध्यक्षांनी मान हलवली. त्या इंग्रजीत वाचू लागल्या. "माझे पती स्वतःहून सैन्यात गेले नाहीत, सरकारनं त्यांना बोलावून नेलं. ते गेले याचा मला अभिमान आहे. माझं लग्न चारचौघांत झालं आहे, पण मंगळसूत्र मी पोलक्याच्या आत घालून हिंडते. मला भत्ता नको. आपण मोजणी करत आहात असं ऐकलं. त्या मोजणीत मला धरावं, एवढंच मागणं आहे."

माझ्या हातातली फाइल घसरली. उचलायला वाकलो तो मला वरच येववेना.

ही शरयू होती. अकरावीपर्यंत शिकलेली, इंग्रजीत पत्र लिहायला तिला दोन दिवस लागले असतील, आणि मी कचेरीत असताना तिनं ते लिहून टपालात टाकलं होतं. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं.

आता कुणी हसत नव्हतं. मंत्री थोडे चपापले. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि चिठ्ठी आली. मल्कानीसाहेबांनी ती वाचून माझ्यापुढे धरली. इंग्रजीत दोनच शब्द होते. आकडा पक्का?

"सांग," साहेब हळूच म्हणाले. "काही शंका असेल तर आत्ता सांग. मंत्री उत्तर मागे घेतील, आपण पुन्हा मोजू. मी सांभाळून घेईन तुला."

खरंच म्हणाले ते तसं. मी सांभाळून घेईन तुला. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, शंका आहे. शंका कुठून आली ते सांगावं लागलंच असतं असंही नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे तो सातवा रकाना आला, त्यातलं माझं अक्षर आलं, नोकरी आली, आर्वीचे मास्तर आले. एक जूनला अडीच महिने राहिले होते. अडीच महिने गप्प बसलं की सगळं आपोआप सुरळीत होणार होतं.

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'होय. पडताळलेला आहे.' खाली आद्याक्षरं घातली. चिठ्ठी पुढे गेली. मंत्री उठून म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा मी आदर करतो, परंतु आकडा पडताळलेला आहे. बाई खाली बसल्या. पत्राची घडी घालून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. त्यानंतर साखरेच्या भावावरचा प्रश्न सुरू झाला.

कामकाज संपल्यावर चिठ्ठी फाइलीबरोबर परत आली. अशा चिठ्ठ्या फाडून टाकायच्या असतात. मी ती कोटाच्या खिशात घातली आणि विसरलो.

संध्याकाळी घरी आलो तर शरयूनं साबुदाण्याची खिचडी केली होती. उपास नव्हता. मला आवडते म्हणून केली होती. बशी पुढे ठेवून ती समोर बसली.

"आज तुमचा तो प्रश्न होता ना?"

"होता."

"काय झालं?"

"निकालात निघाला. आकडा फार लहान होता."

"कुणी काही बोललं नाही? कुणाचं पत्रबित्र वाचलं नाही?"

मी घास घेतला. "नाही," म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून माझा कोट खुंटीला अडकवला आणि पोळ्या करायला गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या चर्चेच्या चार ओळी आल्या होत्या. पत्राचा उल्लेख होता. तो पेपर ती रद्दीत ठेवताना मी पाहिलं.

एप्रिलच्या अखेरीस, सकाळी साडेअकराच्या डाकेत आमच्या टेबलावर एक संदेश आला. पहाडात दरड कोसळली होती. दोन मजूर अडकले, त्यांना काढायला गेलेला अधिकारीही गेला. नाव, क्रमांक. नातेवाईक: वडील, विठ्ठल देवपुजारी, मुक्काम आर्वी. वैवाहिक स्थिती, मंत्रालयाच्या तक्त्याशी जुळवून, अविवाहित. तार आर्वीला रवाना.

मी तो कागद तीनदा वाचला. मग मल्कानीसाहेबांना म्हणालो, बरं वाटत नाही. सायकल काढली. वाटेत कुठे वळलो, कुठे थांबलो, काही आठवत नाही.

शरयू दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आज इतक्या लवकर?"

मी सायकल भिंतीला लावली. तिथेच उभा राहिलो.

"भाऊ, तार आली का?" तिनं विचारलं. कसं कळलं तिला, देवाला ठाऊक.

"आपल्याकडे नाही आली."

"मग कुणाकडे आली?"

"आर्वीला."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मला का नाही पाठवली?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर ती उठली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. शेजारच्या क्वार्टरातल्या बाई विचारायला आल्या, काय झालं बहिणीला? पोट दुखतंय, असं मी सांगितलं. तिला मोठ्यानं रडायचीही सोय नव्हती. त्या दुपारी मला स्वतःची शिसारी आली.

आम्ही आर्वीला गेलो. बाराव्या-तेराव्याचे दिवस संपले आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी पलटणीतला एक कॅप्टन पद्माकरची ट्रंक घेऊन आला. तो केरळकडचा ख्रिस्ती होता, मोडकं हिंदी बोलायचा. मास्तर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. पंधरा दिवसांत ते पार वाळून गेले होते. मी शेजारी होतो. शरयू दाराशी उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, पण त्या परमुलखातल्या माणसाला त्याचा अर्थ कसा कळावा?

कॅप्टननं सामानाची यादी वाचली. कपडे, बूट, दाढीचं सामान, मातकट स्वेटर, नकाशाचं साहित्य. पद्माकर किती धीराचा होता, ते सांगितलं. शौर्याबद्दल त्याचं नाव वर पाठवलंय म्हणाला. मास्तर ऐकत होते. मग कॅप्टननं आवाज खाली आणला आणि सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला.

"हे यादीत लिहिलं नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही लिहिलं. कुणा मुलीची पत्रं आहेत. आम्ही वाचली नाहीत. लग्न झालेलं नव्हतं, तरुण होता, होतं असं. उगाच त्याच्या नावाला काही लागू नये, म्हणून मी हातात आणली. तुम्हीच ठरवा काय करायचं ते."

मास्तरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग शरयूकडे. त्यांचे ओठ हलत होते. मला दिसत होतं, की ते आता सगळं सांगणार. माझ्या पोराची बायको आहे ही, मी दीड वर्ष चोरलं, माझी चूक. ते सांगून टाकलं असतं तर शरयूला तिची जागा मिळाली असती. पण मग पद्माकर खोटा तक्ता भरणारा अधिकारी ठरला असता, वर पाठवलेलं नाव परत आलं असतं, आणि तक्ता कोणाच्या अक्षरात आहे हेही निघालं असतं. मीसुद्धा तोंड उघडू शकत होतो. मी मास्तरांच्या आधी बोलायला हवं होतं.

शरयू पुढे आली. "माझ्याकडे द्या," म्हणाली.

कॅप्टन घुटमळला. "आपण?"

"मी ह्यांची बहीण," असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यात खोटं काहीच नव्हतं. कॅप्टननं गठ्ठा तिच्या हातात दिला. तिनं तो पदरात घेतला, त्याला चहा विचारला आणि आत गेली. मास्तरांनी तोंडावर उपरणं ओढलं. त्यांचे खांदे हलत होते, तर कॅप्टन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पोरासाठी रडताहेत असं त्याला वाटलं असेल. तेही होतंच.

परतताना आम्ही आर्वीहून पुलगावपर्यंत छोट्या गाडीनं निघालो. ती गाडी फार हळू चालायची. डब्यात आम्ही दोघंच. ऊन मी म्हणत होतं, कापसाची शेतं मोकळी पडली होती. शेवटी मी म्हणालो, "शरू, तू असं का केलंस? मी सांगणार होतो."

"नव्हतास."

तिनं पिशवीतून तो गठ्ठा काढला. सुतळीत खोचलेला एक लहान कागद ओढून माझ्या हातावर ठेवला. सभागृहातली चिठ्ठी. वर दोन शब्द, खाली माझं अक्षर, माझी आद्याक्षरं.

"तुझा कोट धुपवून पेटीत ठेवताना सापडली," ती म्हणाली. "मार्चमध्येच. ह्यांना लिहिणार होते, पण म्हटलं जूनपर्यंत थांबावं. त्यांनी तुला बोल लावला असता." ती खिडकीबाहेर बघत होती. आवाज अगदी नेहमीसारखा होता. "काल मी खरं बोलले असते तर अकराचे बारा झाले असते, भाऊ. तू पडताळलेला आकडा. राहू दे पक्का."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. "असं करू नकोस. पाणी हवंय का?" असं विचारून तिनं फिरकीचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी झाली. या खेपेला तक्त्याखाली ती ओळ होती, खरी माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही. मल्कानीसाहेबांनी टाकून घेतली. सहाशेच्या वर निघाले. नियम शिथिल झाला. ती बातमी शरयूनं वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि ती शाळेत गेली. तोवर तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती. शाळेच्या पटावर कुमारी खानझोडे. कागदावर कुमारीच असल्यामुळे तिला स्थळंही येत राहिली, चाळिशीपर्यंत. ती हसून नाही म्हणायची. मीही लग्न केलं नाही. आम्ही दोघं एका घरात राहिलो, ती माझं जेवणखाण बघायची, आजारात उशाशी बसायची, आणि त्या गाडीतल्या बोलण्याचा विषय तिनं पुन्हा एकदाही काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी ती गेली. मंगळसूत्र तिच्या पेटीत स्वेटरच्या घडीत होतं. मृत्यूची नोंद करायला मी नगरपालिकेत गेलो. तिथला पोरगा संगणकावर लिहीत होता. "आजोबा, कुमारी ना? आधार, पेन्शन, सगळीकडे कुमारी आहे."

"नाही," मी म्हणालो. "विधवा लिहा. पती, लेफ्टनंट पद्माकर विठ्ठल देवपुजारी."

तो थांबला. चांगला होता बिचारा. "काही पुरावा आहे का? लग्नाचा कागद, काहीही. लगेच करून देतो."

मास्तर केव्हाच गेले होते, लग्न लावणारे भटजी गेले होते, आर्वीला ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. मी खिशात हात घातला. ती चिठ्ठी मी बाळगत असतो, तेवढाच एक कागद माझ्यापाशी होता, आणि त्याच्यावर माझ्याच अक्षरात उलटं लिहिलेलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं कुमारी लिहिलं. कागद छापून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मजकूर बरोबर असल्याची सही करा, आजोबा, इथे खाली." मी सही केली.